खोक्यावरचे वॅट

दसरा ते धनत्रयोदशी या दिवसांत सोलापुरातल्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. सिद्धेश्वराला जाऊन आलेली, बॉनेटवर झेंडूचा हार मिरवणारी नवी गाडी दारात लागते, मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकही अजून निघालेलं नसतं. सीट कव्हर होतं, मॅट होतात, आणि मग घरातला तरुण मुलगा जिची वाट बघत असतो ती गोष्ट निघते: म्युझिक. गाडी बहुतेक वेळा बेस मॉडेलची असते. वरच्या मॉडेलला लाख-दीड लाख जास्त मोजण्यापेक्षा ‘टेप बाहेरून बसवू’ असं घरात ठरलेलं असतं. कॅसेट जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आपल्याकडे तो टेपच आहे.

अशाच एका संध्याकाळी मी काउंटरच्या कडेला उभा होतो. गिऱ्हाईक म्हणजे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले एक गृहस्थ, सोबत कॉलेजात जाणारा मुलगा.

“चांगलं काय आहे, दादा?”

“बजेट किती धरलंय, मालक?”

त्या संभाषणात सेल्समनने विचारलेला हा पहिला आणि शेवटचा प्रश्न. गाडी कोणती, दरवाजात स्पीकरची जागा किती इंचांची, तुम्ही काय ऐकता, गावातच फिरता की दर पंधरा दिवसांनी पुण्याला जाता, यातलं काहीच निघालं नाही. त्याने मागच्या फळीवरून एक खोका उचलून समोर ठेवला. “हे घ्या. साडेतीनशे वॅट. कंपनीचे वीस-पंचवीसचे असतात. वाजवलं की कळेल.”

मी तो खोका हातात घेतला. ३५० हा आकडा अंगठ्याएवढ्या ठळक अक्षरांत समोर होता. खोका उलटा केला. मागे, बारकोडच्या वर, भिंगाने वाचावं इतक्या बारीक टाइपात ‘नॉमिनल पॉवर ४० वॅट’ असं छापलेलं होतं. दोन्ही आकडे त्याच स्पीकरचे. पहिला म्हणजे क्षणभराचा दणका सोसण्याची ताकद, तीही कंपनीने आपल्या पद्धतीने मोजलेली. दुसरा म्हणजे तासन्‌तास, न जळता पेलण्याची ताकद, जिला आरएमएस म्हणतात. घरी नेल्यावर उपयोगाचा असतो तो दुसरा. काउंटरवर मात्र पहिलाच बोलतो.

या लेखासाठी दुकानांतून फिरताना मला एक गोष्ट पक्की जाणवली. सेल्समन खोटं बोलतो म्हणून सल्ला चुकतो असं फार थोड्या वेळा घडतं. बहुतेक वेळा त्यालाच ते माहीत नसतं. आणि ज्याला माहीत असतं, त्याला कोणी विचारत नाही. तो दुकानाबाहेर, गाडीत पाय वर करून डॅशबोर्डखाली झोपलेला असतो.

आधी आकड्यांचं पाहू, कारण गिऱ्हाइकाचा पैसा तिथेच जातो. दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक टेपवर ‘५० वॅट गुणिले ४’ असं छापलेलं असतं. नामांकित कंपनीचा असो वा दिल्लीहून आलेला बिननावाचा, आकडा तोच. एवढी एकवाक्यता आली कुठून, हे दहावीच्या विज्ञानाच्या हिशेबाने कळतं. इंजिन चालू असताना गाडीत जास्तीत जास्त १४.४ व्होल्टच्या आसपास वीज असते. गाडीचा स्पीकर साधारण ४ ओहमचा. टेपच्या पोटातला ॲम्प्लिफायर १४.४ च्या वर उडी मारू शकत नाही, कारण तेवढ्या जागेत व्होल्टेज वाढवणारी वेगळी यंत्रणा सहसा बसवलेली नसते. १४.४ चा वर्ग २०७.३६. स्वच्छ, न फाटलेल्या स्वराची ताकद काढायची तर त्याला २ गुणिले ४ ने, म्हणजे ८ ने भागायचं. उत्तर येतं २६ वॅटला थोडं कमी. यातून पार्टमधली घट वजा केली की हाती उरतात १८ ते २० वॅट. मग ५० आले कसे? आवाज पूर्ण फाटेपर्यंत नेला, लाटेचे गोल माथे सपाट कापले गेले, तर तोच वर्ग ८ ऐवजी ४ ने भागायचा. ५१.८. हाच तो खोक्यावरचा ५०. म्हणजे छापलेला आकडा मिळतो तो आवाज पार फाटल्यावर, आणि त्या अवस्थेत कोणी दोन मिनिटंही गाणं ऐकू शकत नाही.

वेगळा ॲम्प घेणाऱ्यांसाठी याहून सोपी परीक्षा आहे, आणि ती काउंटरवर उभ्याउभ्या करता येते. ॲम्पच्या बाजूला रंगीत प्लॅस्टिकचे फ्यूज खोचलेले असतात, त्यांच्यावर ॲम्पिअरचा आकडा असतो. त्याला १४.४ ने गुणायचं. एका ॲम्पवर ‘२,००० वॅट’ असं सोनेरी अक्षरांत होतं आणि फ्यूज होता एकच, ३० ॲम्पिअरचा. ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट. एवढीच वीज तो आत घेऊ शकतो. जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये तिच्यातली जवळपास निम्मी उष्णतेत जाते, नव्या क्लास-डी पद्धतीत पाचवा हिस्सा. आत ४३२ जात असतील तर बाहेर २,००० येणार नाहीत, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही. मी फ्यूजकडे बोट दाखवलं तेव्हा सेल्समनने खरोखर कुतूहलाने वाकून पाहिलं. “हे कोणी सांगितलंच नाही कधी,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात मला बनाव दिसला नाही.

आकडे फुगवण्याचा हा रोग जुना आहे आणि तो सोलापुरात जन्मलेला नाही. अमेरिकेत घरगुती स्टिरिओच्या कंपन्यांनी वॅटचे आकडे इतके ताणले, की १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करून ताकद कशी मोजायची ते ठरवून द्यावं लागलं. नियम मात्र घरात वापरायच्या यंत्रांपुरता होता. गाडीतली यंत्रं त्यातून सुटली आणि तिथे आकड्यांना मोकळं रान मिळालं. पुढे २००३ मध्ये उत्पादकांच्या संघटनेनेच सीईए-२००६ नावाचं मानक आणलं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आणि आवाजातला बिघाड १ टक्क्याच्या आत ठेवून मोजलेले वॅट. ते ज्याच्या-त्याच्या मर्जीवर आहे. हा शिक्का असलेले खोके आपल्या दुकानांत शोधावे लागतात. बहुधा ते फळीच्या अगदी वर, धुळीत असतात, कारण त्यांच्यावरचा आकडा लहान असतो आणि लहान आकडा विकला जात नाही.

खरं तर आकड्यामागे एवढं धावण्याचं कारणच नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतका. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट हवेत. उलट स्पीकरच्या खोक्यावर ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा एक गरीब आकडा असतो, ८६, ८९, ९२ असा. टेपचे वीसच वॅट वापरायचे असतील तर सगळा खेळ त्या आकड्याचा. ९२ चा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८६ च्या स्पीकरला ८० वॅट लागतात. त्या सुपरवायझरसाहेबांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी ३५० बघितलंच नसतं.

पण त्यांनी ऐकून पाहिलं ना, असं कोणी म्हणेल. हो, पाहिलं. दुकानात भिंतभर डेमो बोर्ड असतो, बटण दाबलं की हा स्पीकर, पुन्हा दाबलं की तो. गाणंही ठरलेलं, पोटात गोळा येईल असा बेस असलेलं. यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे, दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. एक-दोन डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘खुला’, ‘भरदार’, ‘क्लिअर’ म्हणून जाणवतो. ध्वनीची तुलना करणाऱ्या प्रयोगशाळा म्हणूनच आधी दोन्हींचा आवाज तंतोतंत जुळवतात. दुकानात कोणी जुळवत नाही. दुसरी अडचण अशी की बोर्डवरचा स्पीकर जाड लाकडात घट्ट आवळलेला असतो, आणि तुमच्या गाडीत तो भोकं असलेल्या पातळ पत्र्यात बसणार असतो. जे ऐकून पैसे दिले ते घरी येतच नाही.

याला माझा साधा उपाय आहे. आपली गाणी न्यावीत आणि ती रोजच्या ऐकण्यातली असावीत. भीमसेनांचा एखादा अभंग लावावा, मागच्या टाळांचा आवाज सुटासुटा येतो की पत्र्याच्या डब्यासारखा एकत्र कालवला जातो ते बघावं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज लावावा. तो खणखणीत गळा वाईट ट्वीटरवर लगेच कानात टोचायला लागतो. ढोलकीची थाप आणि घुमारा वेगळे ऐकू यायला हवेत. आणि शक्य असेल तर बोर्ड सोडून, तेच सामान बसवलेल्या एखाद्या गाडीत बसून ऐकावं. बहुतेक दुकानमालकांच्या स्वतःच्या गाडीत उत्तम सिस्टिम असते. मागितलं तर ते हौसेने ऐकवतात.

आता डॅशबोर्डखालच्या माणसाकडे येतो. तो कन्नड वळणाचं सोलापुरी मराठी बोलणारा, चाळिशीतला फिटर. सुपरवायझरसाहेबांची गाडी त्याच्याकडे आली तेव्हा मी त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. त्याने हँडलमागचे दोन स्क्रू काढले, पट्टीने दाराचं पॅड एका कोपऱ्यातून उचकटलं आणि टक् टक् करत एकेक क्लिप सोडवली. एकही तुटली नाही. आत काळ्या प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, पावसाचं पाणी पॅडपर्यंत येऊ नये म्हणून. घाईतले फिटर तो टरकावून टाकतात आणि मग जुलैत दारातून पाणी गळतं, असं त्याने सांगितलं. त्याने तो अलगद सोलून बाजूला घडी करून ठेवला. मागे पत्र्याला पंजा जाईल एवढी दोन भोकं होती. त्याने पत्र्यावर बोटांनी वाजवलं. डब्यासारखा आवाज आला.

“बघा अण्णा. स्पीकर पुढंपण हवा ढकलतो, मागंपण. मागची हवा ह्या भोकातून पुढं येती आणि पुढच्याला खाऊन टाकती. बेस गेला. मग लोक म्हणतात, बफर टाका.”

बफर म्हणजे वूफर. आणि त्याने सांगितलेलं शास्त्र जसंच्या तसं बरोबर आहे. स्पीकरच्या पाठीमागची लाट पुढच्या लाटेच्या उलट असते, दोघी भेटल्या की खालचे सूर नाहीसे होतात. भोकं बुजवली, पत्र्याला वजन दिलं आणि स्पीकरभोवती फोमची कडी बसवली, की कंपनीचा मूळ स्पीकरसुद्धा वेगळा वाजायला लागतो. या कामाला डॅम्पिंग म्हणतात. काउंटरवर त्याचा उल्लेखही झाला नव्हता, कारण त्याच्या खोक्यावर वॅट नसतात.

इथे सोलापूरकरांनी खास लक्ष द्यावं. डॅम्पिंगचे पत्रे दोन प्रकारचे येतात, डांबरावर केलेले आणि ब्यूटाइल रबराचे. डांबराचे स्वस्त. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचं दार हात लावू देत नाही. त्या उष्णतेत डांबर मऊ पडतं, वास सुटतो, पत्रा सुटून दाराच्या तळाशी जाऊन बसतो. तीच गत स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनची. डॅशबोर्डच्या मध्यभागी, थेट उन्हात बसणारं यंत्र ते. थंड हवेच्या गावात पाच वर्षं चालेल ते इथे दुसऱ्या उन्हाळ्यात अडकायला लागतं. ‘रॅम किती’ हे सगळे विचारतात, ‘तापल्यावर काय होतं’ हे मी कोणालाच विचारताना ऐकलं नाही. फिटरला विचारा, दर जूनमध्ये कोणत्या कंपनीचे स्क्रीन परत येतात ते त्याला पाठ असतं.

स्पीकर बसवण्याआधी त्याने खिशातून पेन्सिल सेल काढला. स्पीकरला जोडलेल्या दोन्ही वायरी सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवल्या. स्पीकरचा कागद टचकन बाहेर आला. “बाहेर आला म्हणजे प्लस बरोबर. आत गेला म्हणजे उलटा.” एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला गेला तर डावा-उजवा एकमेकांचा बेस खातात, गाणं पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखं ऐकू येतं आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येऊन अजून मोठा ॲम्प घेऊन जातं. दीड व्होल्टच्या सेलने टळणारा खर्च.

मी विचारलं, “ह्यांना स्पीकर बदलायची गरज होती का?”

“टेप तोच. मग आवाज मोठा हुणार कुठून? थोडा साफ हुईल. डॅम्पिंग केलं असतं आधी, तर बरं होतं.”

“मग काउंटरवर का सांगत नाही?”

“मला विचारतंय कोण?”

सेल्समनची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. तो बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आहे. मोबाइलच्या दुकानातून इथे आला. त्याला कोणी कधी शिकवलेलं नाही. वितरकाचा माणूस येतो तो माल आणि स्कीम घेऊन येतो: अमुक इतके खोके गेले तर इतकी सूट, टार्गेट झालं तर मालकाला परदेशवारी. त्या महिन्यात कोणता खोका पुढे करायचा ते स्कीम ठरवते. गिऱ्हाईकही दारातून आत येतानाच ‘किती वॅटचा?’ असं विचारत येतं. चाळीस वॅटचा स्पीकर प्रामाणिकपणे पुढे केला तर ते शेजारच्या दुकानात साडेतीनशेचा घेतं. त्याच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हा विचार मला सोडत नाही.

शोरूममधला सल्ला याहून फार बरा नाही. तिथे ‘बाहेर काही बसवलंत तर वॉरंटी जाईल’ एवढ्या एका वाक्यावर दुप्पट किमतीचं सामान खपतं. कपलर लावून, मूळ वायरिंगला हात न लावता केलेली फिटिंग आणि वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळलेली फिटिंग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धोका दुसरीत आहे. तिथे शॉर्ट होऊन आग लागू शकते आणि विमा कंपनी हात वर करू शकते. ॲम्प लावणार असाल तर बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरात फ्यूज हवाच, आणि वायर तांब्याची हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी सर्रास मिळतात; त्यांची वहनक्षमता तांब्याच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडी कमी. चाकूने टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं.

विम्याचं आणखी एक. बाहेरून बसवलेली सिस्टिम पॉलिसीत आपोआप येत नाही. आयएमटी-२४ नावाचं कलम जोडून घ्यावं लागतं आणि सामानाच्या किमतीच्या ४ टक्के हप्ता वाढतो. वीस हजारांच्या सामानाला वर्षाला आठशे रुपये. त्यासाठी लागतं पक्कं बिल. आणि इथेच सगळं अडतं, कारण दुकानात ‘बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल’ असं म्हटलं की आपण मुकाट्याने कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानतो.

ग्राहक चळवळीची मुळं याच महाराष्ट्रात आहेत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्यानंतर बारा वर्षांनी देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. आजचा २०१९ चा कायदा स्पष्ट आहे: बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत कायद्यापुढे टिकत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही आणि १९१५ हा क्रमांक मराठीतही बोलतो. पण हातात कागद नसेल तर यातलं काहीच कामाचं नाही. म्हणून पक्कं बिल घ्या आणि त्यावर मॉडेल नंबरासोबत ‘आरएमएस इतके वॅट’ असं लिहून मागा. लिहायला सांगितलं की तोंडी आकडा पटकन खाली येतो.

खर्चाचा क्रम मला विचाराल तर असा. आधी पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग. मग पुढचे दोन चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर. पैसे उरले तर चार चॅनेलचा, खऱ्या पन्नास वॅटचा छोटा ॲम्प, आणि तो लावल्यावर ‘गेन’चं बटण पूर्ण फिरवू देऊ नका, ते व्हॉल्यूम नव्हे, आणि फाटलेला सिग्नल ट्वीटर जाळतो. सीटखालचा वूफर त्यानंतर. मागचे स्पीकर सगळ्यांत शेवटी, कारण गाडीत पुढेच माणसं जास्त वेळ बसतात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ ॲम्पिअर-अवरची असते. गड्ड्याच्या यात्रेत किंवा तुळजापूर रस्त्यावरच्या ढाब्यावर इंजिन बंद ठेवून तासन्‌तास मोठा ॲम्प वाजवला, तर परत निघताना गाडीला धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

त्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी मी मालकांना एक सुचवलं. फिटरला दिवसातून दोन तास काउंटरवर बसवा. गाडी आली की त्याने दाराचं एक पॅड उघडून बघावं, गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय ते विचारावं, आणि मग कागदावर लिहून द्यावं, आधी काय, नंतर काय. त्या तपासणीचे दोन-तीनशे रुपये वेगळे घ्या, सामान घेतलं तर वळते करा. त्या सेल्समन मुलालाही त्याच्या शेजारी बसवा, सहा महिन्यांत तो शिकेल. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. सीझनमध्ये फिटर उठवला तर बाहेरच्या गाड्या कोण करणार, असं ते म्हणाले. मग गल्ला मोजता मोजता त्यांनी विचारलं, तपासणीचे तीनशे लोक देतील का. मी म्हणालो, मी देईन, आणि ह्या सुपरवायझरसाहेबांनाही विचारून बघा. ते त्या वेळी गाडीत बसून मुलाबरोबर पहिलं गाणं निवडत होते. मालक म्हणाले, “दिवाळी होऊ द्या. पाडव्यानंतर बसू या.”